प्रवासी, भाषा आणि वसईची वाट

प्रवासाला निघणारा मनुष्य आधी स्थळ ठरवितो आणि भाषेची अडचण नंतर पाहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात क्रम पुष्कळदा उलटा असतो. ज्या गावी आपले बोलणे कोणाला तरी कळेल, आजारी पडल्यास दुखणे सांगता येईल, ताटात काय वाढले आहे हे विचारता येईल आणि भाड्यावरून वाद झालाच तर आपली बाजू मांडता येईल, अशी खात्री वाटते, ते गाव यादीत राहते. बाकीची गावे कितीही रम्य असोत, ती 'पुढे केव्हातरी' या सदरात जातात. देशादेशांतील प्रवासी-वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनाही हेच आढळले आहे. अंतर, खर्च आणि लोकसंख्या यांचा हिशेब केल्यानंतरही, समान भाषा असलेल्या दोन देशांत ये-जा अधिक राहते. ब्राझीलचा प्रवासी युरोपात उतरतो तो पुष्कळदा लिस्बनला, यामागे हेच कारण आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न तपासून पाहण्यास वसई-विरारइतका सोयीचा परिसर क्वचितच सापडेल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने जोडलेला, २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्तीची महानगरपालिका असलेला, आणि तरीही किनाऱ्याला बागायती व कोळीवाडे टिकवून असलेला हा भाग. येथे येणारे लोक अनेक भाषांचे, आणि येथील पाहण्याजोग्या गोष्टी तर त्याहून अधिक भाषांच्या आहेत.

एका तालुक्यातील तीन लिप्या

सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारे येथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तेथे बौद्ध स्तूप निघाला. त्यातील करंडक व मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे दुसरा तुकडा मिळाला. पहिला तुकडा आठव्या लेखाचा, दुसरा नवव्या लेखाचा. दोन्ही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेले आहेत.

अशोकाच्या चौदा लेखांपैकी आठवा लेख नेमका प्रवासाविषयी आहे, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्वीचे राजे शिकार व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाऊन त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. ब्राह्मण-श्रमणांच्या भेटी, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी प्रत्यक्ष बोलणे, असे तिचे स्वरूप त्या लेखात सांगितले आहे. प्रवास कशासाठी करावयाचा आणि वाटेत कोणाशी बोलावयाचे, हा विषय राजाज्ञेत आला, आणि तिची एक प्रत या बंदरावर कोरली गेली.

ही आज्ञा संस्कृतात नव्हती. ती प्राकृतात, ब्राह्मी लिपीत होती. वायव्य सीमेवर शाहबाझगढी व मानसेहरा येथे हेच लेख खरोष्ठी लिपीत कोरले गेले, आणि कंदाहार येथे १९५८ मध्ये सापडलेला अशोकाचा लेख ग्रीक व आरामाइक या दोन भाषांत आहे. वाचणारा ज्या भाषेचा, फलक त्या भाषेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रशासनाने ही गोष्ट ओळखली होती.

दुसरी लिपी वसईच्या किल्ल्यात आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला, आणि पुढे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे राहिले. पडक्या चर्चच्या फरशीवरील थडग्यांचे दगड रोमन लिपीत, पोर्तुगीज भाषेत बोलतात. तिसरी लिपी अर्नाळ्याच्या बेटावरील किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेली देवनागरी आहे. तो किल्ला मराठ्यांनी वसईच्या मोहिमेच्या काळात बांधून काढला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा उतरविलेल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेल्या दिसतात.

नावे जुळत नाहीत

इतके सारे असूनही, ज्यांना या स्थळांचे सर्वाधिक अगत्य वाटावे असे प्रवासी येथे फारसे दिसत नाहीत. त्याचे एक कारण अगदी साधे, म्हणजे नावाचे आहे.

श्रीलंकेतील 'महावंस' या पाली ग्रंथात विजय राजपुत्राची कथा आहे. लंकेला पोचण्यापूर्वी त्याचे जहाज सुप्पारक बंदराला लागले, असे त्यात म्हटले आहे. सिंहली वाचकाला हे नाव परिचयाचे आहे. भगवान बुद्धांचा शिष्य पुण्ण याची कथा वाचलेल्या बौद्ध यात्रेकरूलाही ते ठाऊक असते. पण तो यात्रेकरू चर्चगेटहून निघालेल्या लोकलमध्ये बसला, तर त्याला फलकावर 'नालासोपारा' दिसते. सुप्पारक, संस्कृतातील शूर्पारक, ग्रीक नाविकांचे सुप्पारा आणि अरबांचे सुबारा म्हणजे हेच स्थानक, हे त्याला कोणी सांगत नाही.

वसईचे तर याहून कठीण. पोर्तुगीजांनी तिला बसाईं म्हटले, मराठी अमलात तिला बाजीपूर हे नाव मिळाले, इंग्रजांनी बॅसिन केले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने केलेला तह जगभरच्या ग्रंथांत 'बॅसिनचा तह' म्हणून नोंदला आहे. परदेशी वाचक नकाशात बॅसिन शोधू लागला, तर जुन्या नकाशांत त्याला ब्रह्मदेशातील त्याच नावाचे शहरही सापडते. (ते आता पाथेन म्हणून ओळखले जाते.) आपल्याकडे स्थानकाचे नाव वसई रोड झाले हे योग्यच झाले. परंतु नाव बदलताना जुन्या नावाने शोधत येणाऱ्याला नव्या नावापर्यंत आणून सोडणारी एक ओळ कोठेतरी असावी लागते. ती माहितीपत्रकात असो, स्थानकाच्या भिंतीवर असो किंवा किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी असो.

भाषा केवळ स्थळाची निवड ठरवीत नाही. स्थळावर पोचल्यावर काय पहावयाचे हेही तीच ठरविते. एकाच तटाखाली उभे राहून मराठी शाळेतील मुले चिमाजी अप्पांचा किल्ला पाहतात, पोर्तुगीज भाषा जाणणारा अभ्यासक थडग्यांवरील नावे वाचतो, आणि मुंबईहून आलेले ईस्ट इंडियन कुटुंब आपल्या पूर्वजांची चर्चे शोधते. वाटाड्या ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेतला किल्ला प्रवाशाला दिसतो. शालेय सहलीबरोबर येणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवल्यास मुलांना एकाऐवजी तीन किल्ले दाखविता येतील.

दुभाषा आणि अन्नछत्र

दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब प्रवासी कोकण किनाऱ्यावर आला होता. सैमूर म्हणजे चौल, सुबारा म्हणजे सोपारे, आणि ठाणे या बंदरांत लारी नावाची भाषा बोलली जाते, अशी नोंद त्याने केली आहे. राजधानीची भाषा वेगळी, किनाऱ्याची वेगळी, हेही त्याने टिपले. व्यापारासाठी येणाऱ्याला ही माहिती बंदराच्या खोलीइतकीच महत्त्वाची होती. चौलला राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजा नेमत असे, असेही तो सांगतो. परक्या मुलखात आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत ऐकणारा अधिकारी आहे, हे कळल्यावर जहाजे कोणत्या बंदराकडे वळली असतील, याचा तर्क करणे कठीण नाही.

त्याच काळातील आणखी एक पुरावा पालघर जिल्ह्यातच मिळाला आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. संस्कृत ताम्रपटाने त्याचे नाव मधुमती असे केले आहे. मूळ नाव मुहम्मद असावे. त्याने प्रवाशांसाठी नदीवर विनामूल्य तर सुरू केली आणि भात, कालवण व तूप फुकट मिळेल असे अन्नछत्र घातले. भाषेखेरीज प्रवाशाच्या ज्या चिंता असतात त्यांत नदी ओलांडणे आणि पोट भरणे या दोन मुख्य. या अधिकाऱ्याने दोन्ही निवारल्या.

वसईने स्वतःही एक दुभाषा जगाला दिला. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून त्यांना बरोबर नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. परदेशी दरबारात वसईच्या माणसाची गरज लागली ती त्याला अवगत असलेल्या भाषेमुळे, ही बाब त्यांच्या चरित्रात सहसा मागे पडते.

मराठी प्रवाशाची निवड

हाच नियम मराठी प्रवाशालाही लावून पाहता येतो. १८५७ मध्ये रायगड जिल्ह्यातील वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. घरचे कर्ज फेडावयाचे होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. ग्वाल्हेर, झाशी, बिठूर या ठिकाणी मराठी बोलणारी संस्थाने व दरबार होते. दक्षिणेतील भिक्षुकाला तेथे आपली ओळख सांगावी लागत नव्हती. द्रव्याची आशा आणि भाषेचा आधार या दोहोंनी मिळून दिशा ठरविली. बंडाच्या धुमश्चक्रीत सापडून त्यांनी जे पाहिले ते 'माझा प्रवास' या पुस्तकात आले आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

काशीत मराठी यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाचे घर शोधतो. तेथील चोपडीत आजोबा-पणजोबांची नावे मराठीत सापडतात. इंदूर आणि बडोदे ही शहरे मराठी कुटुंबाला परमुलूख वाटत नाहीत. मुंबई-पुण्याच्या सहलसंस्था परदेशाच्या जाहिरातीत मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि घरच्यासारखे जेवण या दोन गोष्टी आवर्जून सांगतात. स्वित्झर्लंडची शिखरे तीच राहतात. पण ती पाहावयास जाण्याचे धैर्य या दोन गोष्टींनी येते, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांना. वसईतील ख्रिस्ती भाविक तमिळनाडूतील वेळांकणीला जातात. तमिळ न येणाऱ्या माणसाला एवढा लांबचा पल्ला जड वाटावा. परंतु तेथील उत्सवात कोंकणी व मराठीसह अनेक भाषांतून उपासना होते. यात्रेकरूंच्या भाषेची सोय यजमानाने केली की अंतर आपोआप कमी होते.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. श्रद्धा ही भाषेपेक्षा बलवत्तर असते. विरारच्या डोंगरावरील जीवदानी देवीला नवरात्रात येणाऱ्या भाविकांत मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे सारेच असतात, आणि पायऱ्या चढताना कोणी भाषेचा विचार करीत नाही. वसईहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या वाटेने पुढे गणेशपुरी लागते. स्वामी मुक्तानंदांच्या हयातीत तेथे पाश्चात्त्य देशांतून साधक येत, ते मराठी शिकून आले नव्हते. पण त्यांच्यासाठी आश्रमात हिंदी प्रवचनाचे इंग्रजीत भाषांतर होत असे, हे विसरता येणार नाही. श्रद्धा माणसाला दारापर्यंत आणते. तो पुन्हा येईल की नाही, किंवा येताना आईला, लेकीला बरोबर आणील की नाही, हे मात्र पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, परतीची गाडी आणि विचारपूस करणारे माणूस यांवर ठरते. आगाशीच्या जैन मंदिरात येणाऱ्या गुजराती यात्रेकरूची सूर्यास्तापूर्वी भोजन मिळावे ही चिंता भाषेहून मोठी असते. निर्मळच्या कार्तिकातील यात्रेत किंवा रमेदी मातेच्या सणाला येणाऱ्याची चिंता मुले गर्दीत हरवू नयेत ही असते. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलाची घोषणा कोणत्या भाषेत होते, हा त्याचाच एक भाग आहे.

किनाऱ्यावरील प्रश्न

आतापर्यंतचा विचार सोयीचा झाला. किनाऱ्यावर मात्र हा प्रश्न जीविताचा होतो.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या किनाऱ्यांवर सुटीच्या दिवशी मुंबई व तिच्या उपनगरांतून मोठ्या संख्येने लोक येतात. त्यांतील कित्येकांनी समुद्र पूर्वी कधी पाहिलेला नसतो. येथील किनारा उताराने सपाट. ओहोटीला पाणी पुष्कळ दूर जाते आणि भरती आली की मागील सखल भाग आधी भरतो. पुढे उभ्या असलेल्याला मागे पाणी आल्याचे उशिरा कळते. दरवर्षी, विशेषतः पावसाळ्यात, बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. धोक्याचा फलक असला आणि तो वाचता आला नाही, तर तो नसल्यासारखाच होय. फलक मराठीत तर असलाच पाहिजे. पण तेथे येणारा समाज पाहता हिंदी, गुजराती आणि अक्षरे न वाचणाऱ्यासाठी चित्र, एवढेही हवे. आठवड्यातून एका सुटीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सेवकाने किंवा शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी, येणारे लोक कोणत्या भाषेत बोलतात याची साधी नोंद महिनाभर केली, तरी कोणत्या भाषेचे फलक हवेत हे निश्चित सांगता येईल. त्यासाठी खर्च लागत नाही.

गावकऱ्यांची दुसरी तक्रारही दुर्लक्षिण्याजोगी नाही. येणारे पाहुणे मद्याच्या बाटल्या टाकतात, बागायतीत शिरतात, रात्री मोठ्याने वाद्ये वाजवितात. यजमान व पाहुणा यांच्यात एका शब्दाचाही व्यवहार होत नाही, तेथे हे अधिक घडते. याउलट, जेथे पाहुणा घरात उतरतो, तेथे तो गावाचा होऊन राहतो. न्याहारी व निवास योजना आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांचा उपयोग बागायतदार कुटुंबांनी या दृष्टीने करावयास हवा. आगाशीच्या बाजारात सुकेळी पाहून परप्रांतीय पाहुणा हे काय म्हणून विचारतो. राजेळी केळी सोलून उन्हात कशी वाळवितात, हे वाडीत उभे राहून सांगणारा कोणी असला तर विक्री होतेच, आणि पाहुणा झाडाला हात लावण्यापूर्वी विचारू लागतो.

या वाड्यांतून मराठीखेरीज तिच्या अनेक बोली ऐकू येतात. सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, ख्रिस्ती आणि ब्राह्मण अशा दोन्ही सामवेदी समाजांत बोलली जाते. वाडवळी आहे, मांगेल्यांची बोली आहे, डोंगराकडे वारली आहे. पाहुण्यांच्या भाषांची सोय करताना या बोली घरात गप्प होऊ लागल्या, तर वसईला येण्याचे एक कारणच नाहीसे होईल. कादोडीत एखादे गाणे ऐकण्यासाठी मुद्दाम येणारा प्रवासीही असतो, आणि तो सहसा पुन्हा येतो.

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून बेटावरील किल्ल्याकडे होडी जाते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या आसपास; त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. कोळ्याच्या घरातील लहान मुलालाही हे तोंडपाठ असते. पाहुण्याला, तो मराठी जाणणारा असला तरी, आज तिथी कोणती हे ठाऊक नसते. तेव्हा होडीच्या धक्क्यावर एक काळा फळा, त्यावर दररोज सकाळी खडूने लिहिलेल्या भरतीच्या व ओहोटीच्या घड्याळी वेळा, शेवटची होडी परत किती वाजता निघेल ती वेळ, आणि तेच दोन-तीन भाषांत. फळा शाळेतून मिळू शकतो. वेळ कोळीवाडा सांगेल.